आधी रस्त्याची कड मोकळी करा, मग खड्डे आणि गतिरोधक

एका सरपंचताईंचा प्रश्न आहे. गाव ऊसपट्ट्यातलं, गावाच्या मधून प्रमुख जिल्हा मार्ग जातो. एस.टी. थांब्यासमोर दरवर्षी त्याच जागी खड्डे पडतात, आठवडी बाजाराच्या दिवशी गाड्या डांबरावरच लागतात, आणि गळीत हंगामात रात्री दुचाकीवाले उभ्या ट्रॉलीला मागून धडकतात. ग्रामसभेने ठराव केलाय की खड्डे भरावेत आणि चार ठिकाणी गतिरोधक टाकावेत. अर्ज कुणाकडे करायचा आणि पाठपुरावा कसा करायचा, असं त्या विचारतायत.

ताई, अर्जाचं सगळं सांगतो. पण तुमचा ठराव जसाच्या तसा मंजूर झाला तरी पुढच्या पावसाळ्यानंतर तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल, म्हणून आधी मूळ दुखण्याबद्दल बोलतो. माझी सगळी नोकरी ग्रामीण रस्त्यांवर गेली, थोडी सार्वजनिक बांधकाम विभागात आणि बरीचशी जिल्हा परिषदेच्या उपविभागात. खड्डे, पार्किंग आणि अपघात या तुम्हाला तीन तक्रारी वाटतात. गावठाणातल्या रस्त्यावर ती बहुतेक वेळा एकच तक्रार असते, आणि तिचं मूळ डांबराच्या कडेला, साइडपट्टीत आणि गटारात असतं.

तुमच्या थांब्यासमोर उभं राहून बघा. डांबर संपतं तिथून दुकानाच्या पायरीपर्यंत जी जागा आहे ती मुळात साइडपट्टी आणि गटार यांची. तिथे आता काय काय आहे? टपरीसमोरचा फरशीचा ओटा, घरात पाणी येऊ नये म्हणून टाकलेला मुरूम, वडापच्या (प्रवासी भरून नेणाऱ्या) जीप, कुणाची तरी वाळू. दरवर्षी कुणी ना कुणी भर टाकतं आणि कड डांबरापेक्षा चार बोटं वर येते. पाण्याला बाजूला जायला वाट राहत नाही, ते डांबरावरच थांबतं. जीप कडेला उभी राहू शकत नाही, ती अर्धी डांबरावर राहते. म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं कडेने चालू शकत नाहीत, तीही डांबरावर येतात. समोरून येणारा दुचाकीवाला खड्डा चुकवायला उजवीकडे वळतो, तेव्हा तिकडून कोण येतंय हे त्याला जीपआडून दिसत नाही.

डांबराला पाण्याचं वावडं आहे. पाणी बारीक भेगांतून आत शिरतं, खडीवरचं डांबर सुटतं, वरून चाक गेलं की आतलं पाणी दाबाने बाहेर उसळतं आणि सोबत बारीक माल घेऊन येतं. खाली काळी माती असेल, आणि तुमच्याकडे ती असणारच, तर भिजल्यावर ती फुगते आणि तिची ताकद निघून जाते. त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गेला की संपलं. वजनाचा हिशेब इथे फार कठोर आहे. एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, ढोबळमानाने सोळापट होतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान खास चाचणी रस्ते बांधून, त्यावर रात्रंदिवस ट्रक फिरवून हा नियम काढला. रस्त्याची जाडी ठरवताना आपल्याकडेही ८.१६ टनांचा प्रमाण आस धरतात, त्यामागे हेच गणित आहे. त्यात भर पाण्याची: कोरड्या भरावावरून गेलेली ट्रॉली आणि भिजलेल्या भरावावरून गेलेली तीच ट्रॉली, रस्त्यासाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारखान्याची वाहतूक तुम्ही थांबवू शकत नाही, थांबवूही नये, त्यावर गाव जगतं. पाणी मात्र काढू शकता.

एक साधी तपासणी स्वतः करा. रस्त्याच्या मधोमध आणि डांबराच्या कडेला दोघांनी दोरी धरायची, गवंड्याकडच्या पाण्याच्या नळीने ती समपातळीत आणायची आणि कडेला दोरीखाली किती अंतर पडतं ते मोजायचं. एकपदरी ग्रामीण रस्त्याचं डांबर सहसा पावणेचार मीटर रुंद असतं आणि त्याला दोन्हीकडे अडीच ते तीन टक्के उतार द्यायचा असतो. म्हणजे मध्य कडेपेक्षा साधारण पावणेपाच ते साडेपाच सेंटिमीटर उंच हवा. तुमचा रस्ता रुंद असेल तर त्या प्रमाणात जास्त. थांब्यासमोर हे अंतर एखादं सेंटिमीटर निघालं, किंवा कडच उंच निघाली, तर खड्ड्याचं कारण तुमच्या हातात आलं. फोटो काढून ठेवा. नुसतं ‘खड्डे पडले आहेत’ असं लिहिलेल्या अर्जापेक्षा हा फोटो जोडलेला अर्ज शाखा अभियंता गांभीर्याने घेतो, कारण त्याला अंदाजपत्रकात कोणती बाब धरायची ते कळतं.

आता रस्ता कुणाचा, ते. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, आणि गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. तुमचा रस्ता ‘प्रजिमा’ आहे, म्हणजे अर्ज सार्वजनिक बांधकामच्या उपअभियंत्याकडे जाईल. जिल्हा परिषदेला दिलेला अर्ज तिकडून इकडे फिरण्यात पावसाळा निघून जातो, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलेलं आहे. थांब्यापासून वाडीकडे जाणारा जोडरस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर त्याच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा नारिंगी असतो आणि सुरुवातीला माहितीचा फलक असतो. तो फलक नीट वाचा. या योजनेत काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते, तसा करारच असतो. गावोगावी लोक त्या पाच वर्षांत स्वतःच्या पैशाने मुरूम टाकतात, ते पाहून मला फार वाईट वाटायचं. खड्डा दिसला की तारखेसह फोटो काढून ‘मेरी सडक’ ॲपवर टाका आणि लेखी पत्र कार्यकारी अभियंत्याला द्या. इतर कामांनाही दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघडलेलं काम ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायची मुदत असते, ती कार्यारंभ आदेशात लिहिलेली असते. माहिती अधिकारात कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

अर्जात मागणीचा क्रम मात्र बदला. पहिली मागणी गटार आणि मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) साफ करण्याची. दुसरी, साइडपट्टीवरची भर काढून तिला डांबरापेक्षा थोडा जास्त उतार देण्याची. तिसरी मागणी खड्ड्यांची. पहिल्या दोन गोष्टी मेमध्ये, पावसाळा सुरू होण्याआधी, एक जेसीबी आणि दोन ट्रॅक्टर लावले तर थोड्या दिवसांत होतात, आणि ग्रामपंचायत परवानगी घेऊन त्यात हात घालू शकते. डांबराचं काम दिवाळीनंतर. भर पावसात खड्डा बुजवायचाच असेल तर मातकट मुरूम अजिबात टाकू देऊ नका. दोन दिवसांत त्याचा चिखल होतो, दुचाक्या घसरतात, आणि पाऊस उघडला की त्याचीच धूळ होते. ओल्यात चालणारं इमल्शनचं (पाण्यात मिसळलेल्या डांबराचं) कोल्ड मिक्स मिळतं, ते मागा. तेही नसेल तर खडी आणि क्रशरची कच दाबून भरा.

दिवाळीनंतर खड्डे भरायला माणसं येतील तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी तिथे उभं राहा. खड्डा आहे तशा गोल आकारात भरायचा नसतो. भोवतीचं सुटलेलं डांबर कापून त्याला चौकोनी, सरळ उभ्या कडा द्यायच्या, तळातली माती आणि सैल खडी ब्रशने काढायची, तळाला आणि चारही कडांना गरम डांबराचा किंवा इमल्शनचा पातळ हात (टॅक कोट) मारायचा. मग माल थरांनी भरायचा, प्रत्येक थर दाबायचा, आणि शेवटचा थर भोवतालच्या रस्त्यापेक्षा किंचित वर ठेवायचा, म्हणजे वाहतुकीने तो बसून समपातळीत येतो. घाईत काय होतं सांगतो: पाणी असलेल्या खड्ड्यात माल ओततात, फावड्याने थापटतात आणि टेम्पोचं चाक एकदा फिरवतात. कडा सरळ कापलेल्या नसतात म्हणून भरलेल्या मालाची कड पातळ पापडीसारखी उरते आणि तिथूनच तो पहिल्या आठवड्यात सुटायला लागतो. तुम्ही भांडू नका. ‘कडा कापून घ्या, झाडून घ्या, टॅक कोट मारा’ एवढं तीनदा शांतपणे म्हटलं की काम बदलतं. रोज त्या रस्त्याने जाणारं माणूस समोर उभं असतं तेव्हा मुकादमही नीट लक्ष देतो.

पाइपलाइनचंही बघा. ऊसपट्ट्यात शेतकरी रात्रीत रस्ता आडवा फोडून पाइप टाकतो आणि चर मातीने बुजवतो. जलजीवन मिशनच्या नळासाठी उकरलेल्या चरांचीही बऱ्याच गावांत हीच गत झाली. असा चर पहिल्या पावसात खचतो आणि तिथे आडवी खोबण तयार होते. दुचाकीच्या पुढच्या चाकाला ती सगळ्यात वाईट. ग्रामसभेत ठरवा की नवीन पाइप शक्यतो असलेल्या मोरीतून न्यायचा. ते जमत नसेल तर बांधकाम विभागाची परवानगी घेऊन, मोठ्या व्यासाच्या बाहेरच्या पाइपातून न्यायचा, म्हणजे उद्या आतला पाइप बदलताना रस्ता पुन्हा फोडावा लागणार नाही. चर वीतभर जाडीच्या थरांनी पाणी मारून, ठोकून भरायचा आणि वर काँक्रीट.

पार्किंग. इथे पोलिसांचा बंदोबस्त लावला तरी तो आठवडाभरच टिकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका किंवा अडथळा होईल असं वाहन उभं करणं गुन्हा आहे, आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५३ प्रमाणे गावच्या रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला आहे. प्रजिमाच्या हद्दीत मात्र बांधकाम विभागाला सोबत घ्यावं लागेल. पण गाडी उभी करायला दुसरी जागा दिल्याशिवाय हे अधिकार वापरले तर गावात वैर वाढतं आणि गाड्या पुन्हा तिथेच येतात. म्हणून आधी जागा बघा. शाळेचं मैदान, सोसायटीच्या गोदामामागची जागा, गावठाणातला मोकळा तुकडा, काहीतरी असतंच.

तुमच्या हातात याहून मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे बाजाराचा लिलाव. बाजार वसुलीचा ठेका ग्रामपंचायतच देते. लिलावाच्या अटींतच लिहा की डांबराच्या कडेपासून तीन मीटरच्या आत एकही पाल लागणार नाही, पहाटे बाजार भरायच्या आधी ठेकेदार फक्की मारून रेषा आखेल, दुचाकी आणि टेम्पोसाठी दोन वेगळ्या जागा दोरी लावून ठेवेल आणि तिथे माणूस उभा करेल. अट मोडली तर अनामत कापायची. ठेकेदार पावती फाडायला प्रत्येक पालापाशी जातोच, त्यामुळे रेषेच्या आत बसलेल्या माणसाला मागे सरकवणं त्यालाच सर्वात सोपं आहे. भाजी घेऊन बसणाऱ्या बायका सहसा विरोध करत नाहीत. त्यांना भीती एकच असते की शेजारची पुढे बसली तर गिऱ्हाईक तिच्याकडे जाईल. रेषा सगळ्यांना सारखी असली की ती भीती जाते.

थांब्याची जागाही तपासा. बहुतेक गावांत एस.टी. चौकाच्या आधी थांबते, तिच्या पुढे वडाप उभी असते, आणि उतरलेली माणसं बसच्या पुढून रस्ता ओलांडतात. बसआडून आलेलं पोर मागून येणाऱ्या गाडीला दिसतच नाही. थांबा चौक ओलांडून पुढे नेला आणि दोन्ही दिशांचे थांबे समोरासमोर न ठेवता एकमेकांपासून लांब ठेवले, तर लोक आपोआप बसच्या मागून ओलांडतात. यासाठी आगारप्रमुखांना पत्र आणि बांधकाम विभागाची संमती लागते, पैसा जवळजवळ लागत नाही. वडापला थांब्याच्या पुढे, जोडरस्त्यावर जागा द्या. चौकाच्या कोपऱ्यापाशी काहीही उभं राहू देऊ नका, कोपरा दिसायला हवा. ताशी ६५ किलोमीटरने येणाऱ्या वाहनाला धोका दिसल्यापासून सुरक्षित थांबायला सुमारे ९० मीटर लागतात असं आपल्या रस्ते आखणीच्या मानकात धरलेलं आहे, ५० च्या वेगाला ६० मीटर.

याच आकड्यावरून उभ्या ट्रॉलीकडे येतो. या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण यात तरणी पोरं जातात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागात, आणि एकूण मृतांत दुचाकीवरचे ४४ टक्क्यांहून जास्त. रात्री दुचाकीचा दिवा डिपरवर असतो, त्याच्या उजेडात ९० मीटर अंतरावरची बिनदिव्याची, धुळीच्या रंगाची ट्रॉली दिसत नाही. मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूला पिवळी रेडियम पट्टी हवी, हे सगळ्यांना माहीत आहे, दर हंगामात परिवहन विभाग आणि पोलीस कारखान्यावर जाऊन त्या लावतातही. तरी अपघात होतात. कारण ऊस भरला की मागे वाढे (उसाचे शेंडे) लोंबतात आणि पट्टी त्याआड जाते. म्हणून पट्टी फळीवर असून भागत नाही. भरलेल्या उसाच्या मागच्या टोकाला बांधायचा चमकता कापडी पडदा किंवा पत्र्याची पाटी हवी, प्रत्येक खेपेला बांधायची. बैलगाडीलाही तीच पाटी.

आणि दगड. टायर फुटला किंवा पाटा तुटला की चालक ट्रॉलीच्या चाकांना उटी (अडसर) लावतो आणि मागे पंधरावीस पावलांवर मोठे दगड मांडतो, लोकांनी सावध व्हावं म्हणून. दुरुस्ती पहाटे होते, ट्रॉली निघून जाते आणि दगड डांबरावर तसेच राहतात. त्यानंतरच्या तासाभरात दूध घालायला निघालेला माणूस त्या दगडांवर जातो. हे टाळायला कायदा नको, पैसा नको. प्रत्येक चालकाजवळ दोन चमकते त्रिकोण असावेत आणि दगड लावणाऱ्यानेच ते उचलावेत, एवढं रुजवायचं आहे.

कारखाना हे ऐकेल का? ऐकतो, वेळ साधली तर. हंगाम सुरू झाल्यावर शेती विभागातल्या माणसाला बोलायला उसंत नसते. वाहतुकीचे करार पावसाळ्यात होतात. तेव्हा तुमच्या आणि रस्त्यावरच्या इतर चार-पाच गावांच्या सरपंचांनी एकत्र जाऊन शेती अधिकाऱ्यांना भेटा आणि पडदा, त्रिकोण, दगड उचलणे या तीन अटी करारात घालून घ्या. गेटवर काट्याला गाडी लागते तेव्हा पडदा नसेल तर नोंद करायला सांगा. गावाबाहेर, थांब्यापासून दूर, टायर बदलायला आणि रात्री थांबायला मुरमाची एक रुंद जागा करून द्या आणि ती कुठे आहे ते चिटबॉयमार्फत (कारखान्याच्या ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसामार्फत) चालकांपर्यंत पोचवा. मोकळी, डांबराला समपातळीत असलेली साइडपट्टी असेल तर बंद पडलेली ट्रॉली निदान अर्धी तरी खाली उतरते. डांबराची कड साइडपट्टीपेक्षा वीतभर उंच असेल तर चालक भरलेली ट्रॉली उलटेल म्हणून उतरवतच नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

राहिले गतिरोधक. गाव स्वतः सिमेंट कालवून जो फूटभर रुंद आणि अर्धा फूट उंच वरवंटा करतं, तो काढून टाका. भारतीय रस्ते महासभेच्या मानकाप्रमाणे ताशी २५ किलोमीटरसाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावर काळेपांढरे पट्टे असतात आणि ४० मीटर आधी फलक असतो. फलक आणि रंग नसलेला गतिरोधक रात्री स्वतःच अपघात करतो. मुख्य रस्त्यावर चारऐवजी शाळेसमोर एकच मागा. बाकीचे वाडीच्या जोडरस्त्यांवर, ते मुख्य रस्त्याला मिळण्याच्या आधी टाका. भरधाव बाहेर येणारी दुचाकी तिथे थांबायला हवी. गावात शिरण्याच्या दोन्ही टोकांना रंबलरचे (चाकाखाली खडखडणारे) पट्टे, कडेच्या पांढऱ्या रेषा आणि गावाच्या नावाचा फलक मागा. यासाठी बांधकाम विभागाची लेखी मंजुरी घ्याच, नाहीतर पुढच्या डांबरीकरणात सगळं पुन्हा उखडलं जाईल.

शेवटची गोष्ट पाठपुराव्याची. गावात अपघात झाला की जागेवर मिटवतात, दवाखान्याचा खर्च देतात आणि पोलिसांत नोंद होत नाही. कागदावर तुमचा रस्ता सुरक्षित राहतो. राष्ट्रीय महामार्गावर ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा अपघातप्रवण ठरते आणि दुरुस्तीच्या यादीत येते. तुमच्या रस्त्यालाही अधिकारी पहिला प्रश्न नोंदीचाच विचारतील. म्हणून गंभीर अपघाताची नोंद पोलिसांत होईल हे बघा. मदत करणाऱ्याला त्रास होत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ त्याला संरक्षण देतं, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. किरकोळ अपघातांसाठी ग्रामपंचायतीत एक वही ठेवा: तारीख, वेळ, कोणत्या खांबाजवळ, कोणतं वाहन, अंधार होता का, पाऊस होता का, खड्डा चुकवताना की उभ्या वाहनाला. आशाताई आणि गावातला डॉक्टर यांना सगळे अपघात कळतात, वही त्यांच्याकडून भरून घ्या. वर्षभराची वही, दोरीच्या मोजणीचे फोटो आणि ग्रामसभेचा सुधारलेला ठराव, असे तीन कागद जोडून उपअभियंत्याला अर्ज द्या आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. अर्ज मार्चच्या आत द्या, म्हणजे मेमध्ये गटारं निघतील.